झोळीची दोरी

“लढाई थांबवणाऱ्याला नाही द्यायचा, तर शांततेचा पुरस्कार द्यायचा तरी कुणाला, आक्का?”

भरतेश मगदूम सोप्यात उभा राहूनच बोलत होता. बूट काढले होते, पण बसला नव्हता.

आक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. डोंगरातल्या त्या लहानशा मठीत त्यांच्याशिवाय कायमचं असं कुणी राहत नसे. येणारे येत, दोन दिवस राहत, जात. भरतेश त्यांचा जुना शिष्य. आता विद्यापीठात मोठा प्राध्यापक. जगातल्या सगळ्यांत मोठ्या शांतता पुरस्कारासाठी नाव सुचवायचा त्याला अधिकार होता.

“बस की,” आक्का म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही. आज शेवटचा दिवस. शिफारस लिहून तयार आहे, नुसतं बटण दाबायचंय.”

त्यानं फोन वर करून दाखवला.

“मग दाबायचं.”

भरतेशचा अंगठा फोनवरच अडला.

“तुम्ही हो म्हणालात की दाबतो.”

“माझं काय काम त्यात?”

“लोक हसतायत, आक्का. आमच्याच विभागातले. म्हणतात, लढाई थांबवणाऱ्या त्या राष्ट्राध्यक्षांनी मगदूमांना विमानाचं तिकीट पाठवलं, मगदूमांनी शिफारस पाठवली. माझा शब्द विकाऊ नाही. मला पटलंय म्हणून लिहिलंय.”

“पटलंय ना? मग माझं हो कशाला?”



आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

आढ्याला टांगलेल्या झोळीत मठीत नेहमी येणाऱ्या अक्षताचं बाळ होतं. पोरगं झोपत नाही आणि त्याच्यामागे तीही नाही, म्हणून माहेरी यावं तशी ती मठीत आली होती. आत्ता परसात दुपटी वाळत घालत होती. झोळीला बांधलेली लांब दोरी अर्धवट लोटलेल्या दारातून बाहेर सोप्यात आली होती आणि आक्कांच्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली होती.

आक्कांनी दोरी सोडवून त्याच्या हातात दिली.

“जरा ओढ. माझा पाय अवघडलाय.”

“मी?”

“दोन पोरांचा बाप ना तू?”

“ते सगळं सुजाता बघायची.”

“दिसतंय. हळू ओढ रे. विहिरीचं पाणी काढायचं नाहीये.”

भरतेश बसला. ओढू लागला. बाळ आणखी जोरात रडलं. तो आणखी जोरात बोलू लागला.

“दोन देशांच्या मधलं ते खोरं. किती वर्षं माणसं मरत होती. भल्याभल्यांना जमलं नाही. या माणसानं दोघांनाही दम दिला, एका टेबलाशी बसवलं, सह्या घेतल्या. गोळीबार बंद.”

“चांगलं केलं.”

“मग? तेच म्हणतोय मी.”

“आणि खोऱ्यातली माणसं? ती काय करत होती?”

“म्हणजे?”

“म्हणजे तोवर.”

“असेल काहीतरी. गावागावात बसून बोलत होती म्हणे, इकडच्या बायका तिकडच्या बायकांशी. पण ते कोण मोजतं? सह्या वरच होतात, आक्का.”

आक्कांनी एक शेंग सोलली. किडकी निघाली. बाजूला टाकली.

आतलं रडणं थांबलं. एकदम.

भरतेशचा चेहरा खुलला.

“बघा,” तो कुजबुजला. “जमलं की नाही?”

तो ओढत राहिला. दोरी आता छान हलकी येत होती.

“हेच सांगतोय मी. माणूस बढाईखोर आहे, मान्य. पुरस्कार मलाच मिळायला हवा, असं स्वतःच सांगत सुटतो, तेही मान्य. पण परिणाम बघायचा. रडणं थांबलं ना? मग थांबवलं कुणी, हा काय प्रश्न झाला?”

आक्कांनी पुढची शेंग उचलली.

घराला वळसा घालून अक्षता आली. खांद्यावर बाळ. डोळे मिटलेले, मुठीत तिच्या ओढणीचं टोक.

तिची नजर दोरीवर गेली.

“अगंबाई, रिकामी झोळी हलवताय? हलवू नये हो. बाळाचं पोट दुखतं.” मग तिलाच कसंतरी झालं. “मी मानत नाही असलं काही. एमएस्सी झालेय. पण थांबवा.”

भरतेशचा हात थांबला.

“केव्हा उचललंत याला?”

“मघाशीच. मागच्या दारानं येऊन. झोळी केवढ्यानं हलत होती, घाबरलं असेल. किंवा भूक असेल. किंवा मीच हवी असेन.” तिनं बाळाच्या नाकाशी बोट धरलं, बोटाला श्वास लागतोय ना ते पाहिलं. “खरं सांगू, मला अजून याचं रडणं ओळखता येत नाही. रडलं की भीती वाटते. फार गप्प झालं की जास्त वाटते.”

आत जाता जाता ती थांबली.

“तुम्ही ओढत होतात ना, काका? थँक्यू हं.”

भरतेश उठला. दारापर्यंत गेला. आत पाहिलं. झोळी अजून हलत होती…

परत येऊन तो आक्कांच्या समोर, जमिनीवर बसला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला इथून काय दिसतंय? मी तुझंच ऐकत होते.”

“म्हणजे पुरस्कार त्यांना मिळू नये.”

“असं कुठं म्हणाले मी?”

“मग मिळावा?”

“असं तरी कुठं म्हणाले?”

त्यानं फोनवरची शिफारस पुन्हा उघडली.

“सह्या खऱ्या आहेत, आक्का. गोळीबार खरंच थांबलाय.”

“हो ना. खरंच थांबलाय.”

“मग मी लिहू काय?”

आक्कांनी ताट बाजूला सारलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

“खरं तेच लिही. रडणं थांबलं, तेव्हा दोरी तुझ्या हातात होती.”