महाबळरावांची फलतुला

एक जंगल होतं. पूर्वी तिथे सिंह राज्य करायचा, कोणालाही न विचारता. मग जंगलात निवडणुका आल्या आणि महाबळराव हत्ती निवडून आले. तेव्हापासून राज्य सगळ्यांना विचारून चालतं. विचारतात महाबळराव आणि हो म्हणतात तेही महाबळरावच, पण विचारतात, ही सुधारणा काही कमी नाही.

या जंगलात एक शाळा होती आणि त्या शाळेत साळूबाई नावाच्या साळिंदर बाई शिकवायच्या. बाई प्रेमळ होत्या, पण तापट. राग आला की पाठीवरचे काटे ताठ उभे राहायचे. सरकारी नोकरीत काटे आडवे ठेवावे लागतात, म्हणून बाई मनातल्या मनात पाढे म्हणत ते खाली बसवायच्या. सतराच्या पाढ्याला बहुतेक राग शांत व्हायचे.

बाईंना घोर एकच होता. पिल्लं फळं-भाज्या खाईनात. जंगलातून सहलीच्या गाड्या जायच्या, गाड्यांमधून वेफर्सची पाकिटं पडायची आणि पिल्लांना त्यांची चटक लागली होती. सशाची पोरं गाजर बघून नाकं मुरडायची. हरणाचं पाडस शर्यत सुरू होताच धापा टाकत खाली बसायचं. चिंगी माकडिणीला तर झाडावर चढवेना. माकडाच्या पोरीला झाडावर चढवत नाही, हे पाहून बाईंना खरोखर रडू आलं होतं.

बाईंनी उपदेश केला नाही. शाळेमागे वाफे केले, मुळा लावला, काकडीचा वेल चढवला आणि पेरूच्या झाडाला पाणी घालायचं काम पिल्लांवर सोपवलं. स्वतःच्या हाताने वाढवलेल्या गोष्टीवर जीव जडतोच. पिल्लं आधी वास घ्यायला लागली, मग भांडायला लागली, की ही काकडी माझी आणि तो मुळा तुझा. चिंगीने खालच्या फांदीवरचा एक पेरू स्वतःच्या नावावर करून घेतला होता. रोज येऊन ती तो दाबून बघायची.

"बाई, सोमवारी पिकेल हा. सोमवारी मी खाणार. पाकीट नाही, पेरू."

"शप्पथ?"

"शप्पथ!"

बाईंनी त्या सोमवारची वाट पाहिली, तशी स्वतःच्या बढतीचीही पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी शिक्षणमंत्री तरसराव हजर झाले. तरसराव कोणतीही बातमी हसतच सांगायचे, मयताचीसुद्धा.

"बाई, पेढे वाटा! महाबळराव साहेबांनी सुदृढ पिल्लू अभियान जाहीर केलंय. यापुढे प्रत्येक पिल्लानं फळं-भाज्या खाल्ल्याच पाहिजेत."

"अगदी वेळेवर आलात, मंत्रीसाहेब. आमची पिल्लं आजच खाणार आहेत."

"आज कसं खातील? अजून उद्घाटन कुठं झालंय? आधी साहेबांची फलतुला करायची. एका पारड्यात साहेब, दुसऱ्यात जंगलातली सगळी फळं. वजन बरोबर झालं की तीच फळं पिल्लांना वाटायची. तोवर कोणी एक बोरसुद्धा खायचं नाही. वजनाला कमी पडलं तर केवढी नाचक्की!"

"अहो, पण ही कित्येक महिन्यांची मेहनत आहे. आज खाल्लं नाही, तर उद्या पुन्हा पाकिटांकडे वळतील."

"उलट भूक वाढेल की!" तरसराव खिदळले आणि त्यांच्या माणसांनी, म्हणजे लांडग्यांनी, वाफे उपटले, वेल ओढला, झाड झोडपलं. चिंगीचा पेरूही गेला. बाईंना पाढा सतरापाशी थांबवता आला नाही, एकोणतीसपर्यंत जावं लागलं.

तुलेच्या दिवशी माळावर मांडव उभा राहिला. सागाच्या अख्ख्या खोडाचा तराजू उभारला होता. पिल्लांना सकाळपासून रांगेत बसवून हातात पताका दिल्या होत्या. खायला काही नव्हतं, कारण अभियान खाण्याचंच होतं. "फळातून बळ, बळातून महाबळ!" अशी घोषणा देऊन देऊन त्यांचे घसे बसले.

महाबळराव पारड्यात बसले. ते पारडं धाडकन जमिनीला टेकलं आणि फळांचं वर गेलं. आणखी फळं आणली, तरी ते वरच. पण साहेब मुळीच खट्टू झाले नाहीत. ते भाषणाला उभे राहिले.

"माझ्या बालमित्रांनो! पुढारी नुसता सांगत नाही, करून दाखवतो. फळ कसं खावं, हे मी स्वतः दाखवतो!"

सोंड समोरच्या पारड्यात गेली आणि केळ्यांचा घड उचलून तोंडात आली. टाळ्या झाल्या. फळांचं पारडं आणखी हलकं झालं.

"आता फणस!" फणस गेला. "काकडीनं घसा मोकळा होतो!" काकड्या गेल्या. इकडून कमी होत होतं आणि तिकडे वाढत होतं. तरसराव ओरडत होते, "फळं आणा, फळं आणा!" लांडगे कच्च्या कैऱ्या आणि आवळेसुद्धा ओरबाडून आणत होते. साहेबांचं प्रात्यक्षिक काही संपेना. गणित कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण ते बोलून दाखवायला तिथे कोणी आलं नव्हतं.

साळूबाईंना ढिगाच्या टोकावर पेरू दिसत होते. त्यांच्या शाळेचे. सोंड त्या बाजूला वळली आणि बाईंच्या पाठीवर खडखड झाली. पाढे संपले होते. काटे उभे राहिले ते राहिलेच. शेजारचे पाहुणे आपोआप दोन हात लांब सरकले.

कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन बाईंकडे होतं. ते शेवटी असतं, पण बाई आत्ताच मंचावर चढल्या आणि त्या काट्यांसमोर कोणी क्रम दाखवायला धजावलं नाही.

"साहेबांचे आभार मानावेत तेवढे थोडे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या तुलेला फळं कमी पडावीत, हे आमच्या शाळेला शोभत नाही. झाडांवरची फळं संपली असतील, पण पिल्लं आहेत. चला रे, बसा सगळे फळांच्या पारड्यात!"

"वा!" तरसराव हसले. ते कशालाही हसायचे, त्यामुळे ती मंजुरीच धरली गेली.

पिल्लं फळं चढवायच्या शिडीकडे धावली. ससे चढले, पाडसं चढली, अस्वलाची जाडजूड जुळी चढली. चिंगी सगळ्यांत शेवटी चढली, पण चढली. पारडं हळूहळू खाली आलं आणि साहेबांच्या पारड्यासमोर अगदी सरळ उभं राहिलं. माळावर जल्लोष झाला. साहेबांनी आनंदाने सोंड लांबवली.

"साहेब, हलू नका!" बाई कडाडल्या. "पारडं जमलंय. आता तुम्ही हललात तर बिघडेल. सुतारपक्ष्याला चित्र कोरू द्या."

सुतारपक्षी सरकारी होता. तो सावकाश कोरत होता. महाबळराव छाती काढून, सोंड वर धरून निश्चल बसले. इकडे पिल्लं फळांच्या ढिगावर बसली होती, सकाळपासून उपाशी, आणि त्यांना कोणी काही शिकवायची गरज उरली नव्हती. त्यांनी केळी खाल्ली, गाजरं खाल्ली, मुळे पाल्यासकट खाल्ले. पारडं तसूभरही हललं नाही, कारण फळं पोटात गेली तरी पारड्यातच होती. चिंगीने आपला पेरू वासावरून ओळखला. दोन्ही हातांत धरून ती तो खात होती आणि बाई खाली उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

चित्र पुरं झालं तेव्हा ढिगाच्या जागी साली आणि बिया उरल्या होत्या. साहेबांनी सोंड खाली घेतली आणि सालींमध्ये फिरवून बघितली. तरसरावांनी अभियान पूर्णपणे यशस्वी झाल्याचं हसत जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी चिंगी शाळेत आली ती बिया घेऊन. बाईंना न विचारता तिने वाफा उकरायला घेतला. बाईंना मात्र काटे विनापरवाना उभे केल्याबद्दल नोटीस आली. ती त्यांनी चिंगीला दिली, रोपांना सावली करायला.

सुतारपक्ष्याचं चित्र आता जंगलातल्या प्रत्येक शाळेत लावलंय. एका पारड्यात जंगलातली सगळी पिल्लं, दुसऱ्यात एकटे महाबळराव, आणि दोन्ही पारडी सारखी. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय: आपल्या राज्यात सगळे समान आहेत.