पाटकरी झालेलं मडकं

खूप खूप पूर्वी, गावाचं पाणी गावच वाटून घेत असे, तेव्हाची ही गोष्ट. नक्की किती पूर्वी, ते विचारू नका. माझ्या आईलाही ते सांगता यायचं नाही, आणि ती तर माझ्यापेक्षा कितीतरी ठामपणे गोष्ट सांगायची.

एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं आणि तळ्याला मातीचा बांध होता. बांधाच्या मोरीतून एक पाट निघायचा आणि प्रत्येकाच्या शेताला पाणी देत देत खाली यायचा. मोरी उघडायची, पाटातला गाळ काढायचा, कोणाची पाळी कधी ते ठरवायचं, या कामासाठी एक माणूस असे. त्याला पाटकरी म्हणत.

पाटकरी गावच निवडायचं, दरवर्षी पावसाच्या तोंडावर. त्याची रीत मोठी गोड होती. आदल्या दिवशी सगळं गाव कोरड्या पाटातून अनवाणी चालत जायचं, मोरीपासून शेवटच्या शेतापर्यंत. म्हातारी माणसं काठी टेकत, लहान पोरं बापाच्या खांद्यावर. वाटेत गूळ-शेंगदाणे. कुठे गाळ साचलाय, कुठे काठ ढासळलाय, पाटकऱ्याने वर्षभर काय केलं, ते पायांनाच कळायचं.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर मडकी मांडली जायची. ज्याला पाटकरी व्हायचं असेल त्याचं एक मडकं, वर त्याची खूण. प्रत्येक मोठ्या माणसाने मूठ झाकून एक चिंचोका टाकायचा. ज्याच्या मडक्यात जास्त, तो पाटकरी. आणि मग नवा पाटकरी ते सगळे चिंचोके बांधावर पेरायचा, गेल्या वर्षीच्या रोपांच्या पुढे. म्हणून बांधावर चिंचांची लांब रांग होती. "हे आमच्या आज्याच्या वर्षीचं झाड," असं लोक बोट दाखवून सांगायचे.

मग हळूहळू सगळं सुटत गेलं. काही वाईट घडलं होतं असं नाही. पाणी येत होतं, हेच बहुधा कारण. आधी पाटातून चालणं सुटलं. मग चिंचोका टाकायला जाणंही सुटलं. बांधावरची रांग विरळ झाली, आणि पुढे तर नुसती उघडी मातीच राहिली.

एका वर्षी मडक्यांतून मोजून अकरा चिंचोके निघाले. त्यातले सात एकाच घरचे. त्या घरातला झोपाळू धाकटा पाटकरी झाला.

पाटाच्या अगदी शेपटाला एका बाईचं शेत होतं. नवरा देवाघरी गेलेला, पदरात लहान मुलगी, आणि एवढासा मिरचीचा मळा. मिरची जगली तर ती गावात राहणार, नाही तर शेत सोडून परगावी राहणाऱ्या भावाच्या दारात जाणार. त्या वर्षी पाणी तिच्या शेताच्या वरच्या दोन शेतांतच जिरून जाऊ लागलं. ती पाटलांकडे गेली.

"पाटील, माझ्याकडे पाणी येत नाही."

"पाटकऱ्याला सांग की."

"तो झोपलाय."

"मग असल्याला निवडलंस कशाला?"

"मी कुठे निवडलं? मी आलेच नव्हते. पोरीला ताप होता." बाई तशी खरं बोलणारी होती. "आणि ताप नसता तरी आले नसते. माझ्या एका चिंचोक्याने काय होतंय, असं वाटलं."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मलाही तसंच वाटलं होतं," ते हळूच म्हणाले.

तिने विहिरीवरून घागरी वाहून अर्धी मिरची वाचवली. पुढच्या वर्षी मात्र ती चावडीवर उभी राहिली आणि म्हणाली, "सक्ती करा. जो चिंचोका टाकणार नाही, त्याची पाण्याची एक पाळी बंद."

गावाला ते पटलं. दवंडी पिटली गेली. एक जुना पाटकरी होता, पाठीतून वाकलेला. त्याला सगळे बाबा म्हणत. तो तेवढा म्हणाला, "पोरी, चिंचोक्याची सक्ती केलीस. पाटातून चालायची का नाही केलीस?"

"बाबा, आधी माणसं घराबाहेर तर पडू देत!"

आणि माणसं बाहेर पडली. चावडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ती अशीच गर्दी बघत असे.

पण गर्दीचं बोलणं काही तेव्हासारखं नव्हतं.

"आटपा लवकर, गुरं सोडायचीत माझी."

"कुणाचं मडकं आहे हो हे?"

"कुणाचं का असेना. पाळी तोडणार नाहीत ना? टाक आणि चल."

जो येई तो वाटेतल्या पहिल्याच मडक्यात चिंचोका टाकून निघे. बाईने खरं तर सगळी मडकी नीट बघायची ठरवली होती. पण मुलगी कडेवर रडू लागली, मागून कोणी तरी ढकललं, आणि तिचाही चिंचोका पहिल्याच मडक्यात पडला. पुढच्या वेळी नीट बघू, असं ती मनाशी म्हणाली. (माझी लेक इथे माझ्याकडे बघते. मी दुसरीकडे बघते.)

संध्याकाळी मोजणी झाली. पहिलं मडकं काठोकाठ भरलं होतं. पाटलांनी ते फिरवून पाहिलं. खूण नव्हती. पुन्हा फिरवलं.

गर्दीतून कुंभार पुढे आला. "अहो, ते माझं! तळाला चीर गेली म्हणून बाजूला ठेवलं होतं."

सगळे हसले. बाबा म्हणाला, "उद्या पुन्हा निवडू."

"पुन्हा यायचं?" लोक ओरडले. "सक्ती एकदाच होती! आणि जास्त चिंचोके त्याचेच आहेत ना? मग तोच पाटकरी. असं काय मोठं काम असतं पाटकऱ्याला!"

मडक्याला हार घातला, वाजतगाजत बांधावर नेलं आणि उघड्या मातीच्या टोकाला बसवलं. चिंचोके त्याच्या पोटातच राहिले. पेरणार कोण?

पाऊस आला. तळं भरलं. मोरी बंदच होती.

एके सकाळी बाईने दार उघडलं तर मळ्यात पाणी! ती हरखली. मग तिने निरखून पाहिलं. पाणी गढूळ होतं आणि ते पाटातून येत नव्हतं. बांधाच्या बाजूने आडवं येत होतं.

मुलीला काखेत घेऊन ती ओरडत धावली. "बांध फुटतोय! बांध!"

या वेळी दवंडी लागली नाही. सगळं गाव पाटातूनच वर धावलं, कारण तीच जवळची वाट होती. गुडघाभर गाळ, जागोजागी ढासळलेले काठ. धावता धावता सगळ्यांनी पाट पाहिला, कित्येक वर्षांनी.

चौघांनी मिळून मोरी उघडली. बाकीच्यांनी बांधाला पडलेल्या भगदाडात दगड लोटले, कडब्याच्या पेंढ्या लोटल्या. तरी पाणी थांबेना. शेवटी बाईने ते मडकंच उचललं, चिंचोक्यांसकट भगदाडात बसवलं आणि वरून चिखल थापला. पाणी थांबलं.

"चला," बाबा धापा टाकत म्हणाला, "पाटकऱ्याने एवढं तरी काम केलं."

कोणी हसलं नाही. बाबाने काठीने दाखवलं. चिंचांची रांग जिथवर होती, तिथवर मुळांनी माती घट्ट धरून ठेवली होती. रांग जिथे संपली, तिथेच बांध फुटला होता.

"आपण येत होतो, तिथवर बांध टिकला," बाबा म्हणाला.

मग पुढच्या वर्षीची निवड कशी करायची, ते ठरू लागलं. पाटलांनी बाईला विचारलं, "सक्ती ठेवायची की काढायची? तूच सांग आता."

तिने बराच विचार केला. "राहू द्या. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही," ती म्हणाली. "फक्त चिंचोके चावडीवर वाटू नका. पाटाच्या शेपटाला, माझ्या शेतात वाटा. ज्याला हवा त्याने पाटातून चालत यावं. ज्याला चालवत नाही, त्याला आपण उचलून आणू."

तसंच झालं. पुढच्या वर्षी सगळं गाव पाटातून चालत आलं. बाबाला चौघांनी डोलीत आणलं. मडकी नीट बघून गावाने बाईलाच निवडलं. या नव्या पाटकरणीने गाळ उपसून मोरी उघडली, तेव्हा पाणी थेट शेपटापर्यंत पोचलं. बाईची मुलगी पाटात पाय सोडून बसली होती. पाणी पायांना लागलं तशी ती खदखदून हसली. मिरची जगली, आणि बाई गावातच राहिली.

भगदाडात बुजवलेल्या मडक्यातले चिंचोकेही रुजले म्हणे. एकमेकांत गुंतलेल्या चिंचांचं एक वेडंवाकडं बेट तिथे उगवलं. त्याच्या पुढे मात्र रांग पुन्हा सरळ सुरू होते, वर्षाला वर्ष लागून.

तात्पर्य: सक्तीने माणूस मडक्यापर्यंत येतो, पण नीट निवडतो तोच, ज्याने आपलं पाणी कुठून येतं ते आधी चालत जाऊन पाहिलेलं असतं.