एदवीजच्या दगडावरची ओ

व्हाल्मोरेल हे फ्रान्समधलं एवढंसं शहर. एक नदी, दोन पूल, एक घड्याळाचा मनोरा, आणि बारा वाजले की दोन तास सगळी दुकानं बंद. शहराच्या मागून एक पायवाट ब्रूमच्या पठारावर चढते. पठाराच्या तोंडाशी बसक्या खुर्चीएवढा काळा दगड आहे. वर येणाऱ्याने दगड दिसण्याआधी, खालच्या वळणावरूनच हाक मारायची. दगडावर बसलेल्याने तिला ओ द्यायची, जागा सोडायची आणि आपल्या वाटेने जायचं. मग आलेल्याने तिथे बसायचं, पुढचा कुणी येईपर्यंत.

कालिंदीबाई फणसळकर तिथे एकट्याच गेल्या होत्या. सहल खरं तर त्यांच्या यजमानांनी आखलेली. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलाला रजा मिळाली नाही. चार दिवसांत ‘बोंझूर’ आणि ‘मेर्सी’ यापलीकडे त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. पायथ्याशी आर्माँ नावाचे म्हातारे वाटाडे भेटले. दगडाची गोष्ट ऐकवल्याशिवाय ते कुणालाच वर सोडत नाहीत, मग त्याला कितीही घाई असो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी ती कालिंदीबाईंनाही सांगितली.

फार पूर्वी या पठारावर एदवीज नावाची मेंढपाळ बाई राहायची, असं सांगतात. आईबाप गेलेले, धाकटा भाऊ रेमी पोटापाण्यासाठी समुद्राकडे निघून गेलेला. झोपडीत ती आणि चाळीस मेंढ्या. इथल्या प्रत्येक घराची मेंढ्यांना बोलवायची हाक वेगळी असायची. दुसऱ्याच्या हाकेला ओ द्यायची नाही, नाहीतर धुक्यात कळप एकमेकांत मिसळतात, कड्याकडे जातात. एदवीजच्या घराची हाक बापाने दोघांनाच शिकवली होती, तिला आणि रेमीला.

रेमी गेल्याला अकरा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. थंडीच्या तोंडावर एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं. एदवीजने दारात उभं राहून मेंढ्यांना हाक मारली. मेंढ्या आल्या. आणि मागोमाग तीच हाक धुक्यातून परत आली. एकदा आली, दोनदा आली, तिसऱ्यांदा जरा बारीक आली. तिला वाटलं, आपलाच आवाज कड्यावर आपटून येतोय. इतक्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणाचा आवाज त्या हाकेत ऐकायची सवयच उरली नव्हती. तिने दाराला कडी घातली.

सकाळी धुकं उठलं. दारापासून ऐंशी पावलांवर, या काळ्या दगडाला टेकून रेमी बसला होता. गुडघ्यावर टोपी, खांद्याला पडशी, आणि अंग थंडगार. पडशीत बहिणीसाठी आणलेली लोकरी शाल होती म्हणे. त्याने ती स्वतः पांघरली नव्हती.

धुक्यात आवाज परत येत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एदवीजलाही माहीत होतं, पण त्या संध्याकाळी ते तिच्या ध्यानातच आलं नाही. नुसती एक ओ दिली असती तर माझा भाऊ आवाजाच्या रोखाने घरी आला असता, असं ती मरेपर्यंत सांगत राहिली. त्या दिवशी तिने दगडावर हात ठेवून शपथ घेतली, की यापुढे या पठारावरची एकही हाक ओ दिल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

तीस वर्षं तिने शपथ पाळली. टवाळ पोरं मुद्दाम हाका मारून तिचा जीव खात. ती त्यांनाही ओ द्यायची आणि मग शिव्या द्यायची. पण पाय थकले, घसा बसला, तेव्हा एकच घोर लागला, की माझ्यामागे कोण? शेवटच्या दिवसांत एक मीठ विकणारा चढून आला. तिने त्याला दगडावर बसवलं.

“पुढचा येईल, त्याला ओ दे. मग जा,” ती म्हणाली. “आणि त्यालाही बसव.”

तो दीड दिवस बसला म्हणे. तेव्हापासून ही साखळी तुटलेली नाही.

“घाबरू नका, मादाम,” आर्माँ शेवटी म्हणाले. “कुणीच आलं नाही, तर सूर्य मावळायच्या आत मी येतो. शेवटच्याला सोबत घेऊनच खाली उतरायचं, आणि सकाळी गावातल्याच कुणीतरी पहिलं बसायचं, असा गावाचा नेम आहे.”

वळणावर कालिंदीबाईंनी संकोचत हाक मारली. वरून एका दाढीवाल्या तरुणाने ओ दिली, हसून जागा दिली आणि तो निघून गेला. त्या बसल्या. एक तास गेला, दोन गेले. धुकं आलं आणि पायवाट दिसेनाशी झाली. संध्याकाळ होत आली, तरी पुढचा कुणी येईना. घरी यजमान आतल्या खोलीतून हाक मारायचे. चष्मा सापडत नाही, चहा झाला का, असलंच काहीतरी. हातातलं काम तसंच ठेवून त्या ओ द्यायच्या. दोन वर्षांत तशी हाक आली नव्हती. त्यांना फार एकटं वाटलं, आणि त्या मोकळेपणी रडल्या.

तेवढ्यात खालून आर्माँची हाक आली.

“ओऽऽ,” कालिंदीबाई म्हणाल्या. घरात म्हणायच्या तशीच, जरा लांबवून.

आजही तो काळा दगड तिथे आहे, आणि दिवसभर त्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. वळणावरून हाक मारली की धुक्यातून ओ येते. ती कुठल्या भाषेत येईल, हे मात्र आर्माँही सांगू शकत नाहीत.