पारख्याचं पिवळं छत

समुद्रकाठच्या एका बंदरगावात खोबरेल तेलाचा मोठा बाजार भरायचा. गलबतं तिथून तेल भरून दूरदूर जायची. त्या बाजारात एक पारखी होता. तेलाचा रंग पाहून प्रत ठरवणं हे त्याचं काम. त्याच्याकडे काचेच्या सात पट्ट्या होत्या. पहिली पाण्यासारखी स्वच्छ, मग प्रत्येक थोडी अधिक पिवळी, आणि सातवी गुळासारखी तांबूस. तेल नळीत भरायचं, पांढऱ्या पाटीपुढे धरायचं, शेजारी एकेक पट्टी लावायची आणि ज्या पट्टीशी रंग जुळेल ती त्या तेलाची प्रत. खोबरं धुरकटलं किंवा ओलं राहिलं, तर तेल लगेच पिवळं पडायचं. लपवायला काही जागाच नव्हती.

पारख्याचं काम इतकं चोख, की त्याने प्रत सांगितली की खलाशी तेलाचा बुधला उघडूनही पाहत नसत. होता होता पंचवीस वर्षं झाली. गावाने कौतुकाने त्याच्या बैठकीवर पिवळ्या रेशमाचं छत उभारलं. पारखी त्याखाली ऐटीत बसू लागला. काचपट्ट्या लावणं तर त्याने आधीच सोडलं होतं. म्हणायचा, एवढ्या वर्षांनी पट्ट्या माझ्या डोळ्यांतच बसल्या आहेत.

छताखालच्या पहिल्याच बाजारात त्याला सगळ्यांचं तेल जरा पिवळं वाटलं. यंदा खोबरं नीट वाळलेलं नाही, असं सांगून त्याने एकेकाची प्रत उतरवली. लोक कुरकुरले, पण गेले.

मग द्वारका आली. ती घाणा चालवायची आणि तिचं तेल दरवर्षी पहिल्या पट्टीचं ठरायचं. पारख्याने नळी वर धरली. तेल पिवळट दिसत होतं. द्वारकेचं तेल असं असूच शकत नाही, म्हणजे यात काहीतरी मिसळलंय, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि जे मनात आलं ते तो भर बाजारात बोलून गेला.

द्वारकेचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "पारखीबुवा, एकदा पट्ट्या लावून बघा."

"पट्ट्या मला शिकवतेस?" पारखी हसला. त्याच्याबरोबर आजूबाजूचेही हसले.

ती बुधला उचलून घरी गेली. त्या दिवसापासून कुणी तिच्या तेलाला हात लावीना.

आठवड्याने एका गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, भेटला, तेव्हा पारख्याला आपली नजर दाखवायची हुक्की आली. तपासलेल्या प्रत्येक तेलाचा नमुना तो बाटलीत ठेवायचा, तसा द्वारकेच्या तेलाचाही होता. तो घेऊन पारखी तांडेलाकडे धक्क्यावर गेला आणि म्हणाला, भेसळीचं तेल कसं दिसतं ते बघा.

तांडेलाने बाटली उघड्या आभाळाकडे धरली. "हे? हे तर झऱ्याच्या पाण्यासारखं आहे की."

पारख्याने पाहिलं आणि त्याचे कान तापले. दुसरीच बाटली आणली वाटतं, असं पुटपुटत तो निघाला. बैठकीत येऊन त्याने फडक्यात बांधून ठेवलेल्या पट्ट्या काढल्या, बाहेर उन्हात आला आणि पहिली पट्टी तेलाशेजारी धरली. दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. मग तीच बाटली तो छताखाली घेऊन गेला. तेल पिवळं झालं. त्याची बोटं पिवळी झाली. पांढरी पाटीसुद्धा पिवळी झाली. इतके दिवस ती समोर होती आणि त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

आता काय करायचं, हे त्याला कळत होतं. पण लोक काय म्हणतील? त्याने छत उतरवलं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, त्याखाली फार उकडतं. पुढच्या बाजारात त्याने पट्ट्या लावून अचूक प्रती दिल्या. सगळ्यांनी त्याची वाहवा केली. ती वाहवा त्याला ऐकवेना. द्वारका बाजारात आली नव्हती, आणि तिची रिकामी जागा सोडून त्याची नजर दुसरीकडे ठरत नव्हती.

अखेर तो तिच्या घरी गेला. अंगणात घाणा सुटा करून ठेवला होता. द्वारका त्याची लाट, म्हणजे खोबरं चिरडणारं जाड लाकूड, राखेने घासत होती. तिच्या हातांना चिरा पडल्या होत्या. शेजारी खोबऱ्याचा ढीग टाकून दिलेला होता, चांगलं पांढरं शुभ्र खोबरं.

त्याला पाहून ती उठली, पदराला हात पुसले आणि बसायला पाट दिला. म्हणाली, "कुठे चुकलं तेच शोधतेय. घाणा तीनदा धुतला. खोबरं वाळवायचं खळं उकरून नवं सारवलं. मी काही मिसळलं नव्हतं, पण तुमचा डोळा चुकत नाही. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

पारखी पाटावर बसू शकला नाही. ती त्याला शिव्या देईल, दार लावून घेईल, हे सगळं त्याने वाटेत गृहीत धरलं होतं. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. उभ्यानेच, मान खाली घालून त्याने सांगितलं: छत, बाटली, तांडेल, आणि त्यानंतर गप्प राहिलेले दिवससुद्धा.

द्वारकेने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे मला घरी येऊन नका सांगू. जिथे म्हणालात, तिथे सांगा."

पुढच्या बाजारात पारखी बैठकीवर बसला नाही. सगळ्यांमध्ये उभं राहून त्याने सगळं सांगितलं आणि द्वारकेची माफी मागितली. त्याने काही गाळलं नाही. मग ज्यांच्या प्रती उतरल्या होत्या ते एकेक पुढे आले. कुणी रागावले, कुणी छद्मी हसले. त्या दिवशी हसण्याची पाळी त्यांची होती आणि पारख्याने ती मुकाट सोसली. ठेवलेले सगळे नमुने त्याने उन्हात, पट्ट्या लावून पुन्हा तपासले. द्वारकेचं तेल पहिल्या पट्टीचं ठरलं.

गावाने त्याला कामावरून काढलं नाही. पण त्यानंतर बुधला न उघडता तेल नेणारा खलाशी पुन्हा दिसला नाही. पारखीही पट्टी आधी विकणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "तुम्हाला काय दिसतं?" द्वारका दर बाजारात यायची, पट्टी धरायची, प्रत सांगायची. तिच्या हातांवरच्या चिरा केव्हाच भरून आल्या होत्या. तरी तिने हात पुढे केला, की पारख्याची मान आपोआप खाली जायची.

बाळांनो, या गोष्टीचं तात्पर्य ध्यानात ठेवा: आपल्या शब्दावर ज्यांचा भरवसा आहे, त्यांनी "पुन्हा बघा" म्हटलं तर पुन्हा बघावं, आणि चारचौघांत कुणाला खोटं ठरवलं असेल, तर त्याची माफीही चारचौघांतच मागावी.