तुकोजीचा पाट

घाटमाथ्यावर सगुणाक्काची खानावळ तीन पिढ्या चालत आली होती. तिथलं कुळथाचं पिठलं खायला माणसं वाट वाकडी करून यायची. त्या खानावळीची एक रीत होती. घरचं माणूस प्रवासाला गेलं, की ते परतेपर्यंत त्याचा पाट उचलायचा नाही आणि त्यावर दुसऱ्याला बसवायचं नाही. चुलीजवळचा पाट सगुणाक्काच्या लेकाचा, तुकोजीचा; त्यापुढे रोज त्याचं ताट मांडलेलं असायचं.

तुकोजी सुभेदार निंबाजीरावांबरोबर मोहिमेवर गेला होता. मोहीम फसली. सुभेदार एकटेच परतले आणि दरबारात छातीठोकपणे म्हणाले, "माझा एकही माणूस पडलेला नाही. मागून येताहेत सगळे." त्याबद्दल मिळालेलं सोन्याचं कडं ते गावोगाव मिरवत होते.

एका दुपारी तेच जेवायला आले. पंगत भरलेली. रिकामा पाट पाहून ते गरजले, "हा कुणासाठी अडवलाय? उचल ते ताट!"

सगुणाक्काने हात जोडले. "उचलते, सरकार. फक्त पंगतीसमोर एवढं सांगा, माझा तुकोजी येणार आहे ना? येणार असेल, तर पाट त्याचा. नसेल, तर हे कडं कशाचं?"

'येईल' म्हणायला सुभेदारांनी तोंड उघडलं, पण त्या आईकडे बघून मान खाली घातली. त्यांनी पागोटं उतरवलं.

"नाही येणार, आक्का."

सगुणाक्काने ताट उचललं, पदराने पाट पुसला.

"बसा आता," ती म्हणाली. "जागा मोकळी झाली."