ओठांवरच्या रेषा

एका व्यापारी शहरात डॉक्टर निरगुडकर नावाचे एक वृद्ध त्वचातज्ज्ञ राहत. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावे म्हणून तरुण डॉक्टर दुरून येत. त्यांतली केतकी सर्वांत हुशार. तिचा हात स्थिर होता, वाचन ताजे होते आणि नव्या यंत्रांचे तिला वावडे नव्हते. गुरूंची एकच गोष्ट तिला खटके. सुई हातात घेण्याआधी ते रुग्णाशी फार वेळ बोलत. घरी कोण असतं, दिवसभर काय काम करता, कुणाशी जास्त बोलणं होतं, असे काहीबाही विचारत बसत. बाहेर माणसे ताटकळत. हा वृद्धापकाळाचा गप्पिष्टपणा आहे, असे केतकी मनाशी म्हणे.

एकदा गुरू परगावी गेले असताना शालन नावाची एक बाई दवाखान्यात आली. वय पन्नाशीच्या पुढचे, अविवाहित. एका सराफी पेढीवर तिने उमेदीची सगळी वर्षे काढली होती. दागिना गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून तो कसा खुलतो हे सांगण्यात तिचा हातखंडा होता. पण अलीकडे पेढीच्या मालकांनी तिला समोरच्या गादीवरून उठवून आतल्या खोलीत डब्या पुसायला बसवले होते.

"मालक म्हणाले, शालनताई, राग मानू नका, पण समोर बसणाऱ्या माणसाचा चेहरा ताजा हवा," ती सांगत होती. "तुमच्या तोंडाभोवती चिरा पडल्यात म्हणाले. गिऱ्हाइकाचं लक्ष दागिन्यावरून उडतं म्हणे."

केतकीने दिव्याखाली तिचा चेहरा पाहिला. कपाळ, गाल वयाच्या मानाने नितळ होते. वरच्या ओठावर मात्र उभ्या रेषांची दाट रांग होती, जणू कुणी नखाने ओढल्या असाव्यात.

"विडी, सिगारेट?"

"छे हो!"

केतकीला नवल वाटले, पण तिने पुढे विचारले नाही. तिने उपाय समजावून सांगितले. लेझरने त्वचेचा वरचा थर काढता येईल. परिणाम टिकाऊ, पण काही दिवस तोंड लालभडक राहील. भरणीचं द्रव्य टोचून रेषा वर उचलता येतील. त्याने ओठ थोडे फुगल्यासारखे वाटतील. किंवा स्नायू सैल करणारं औषध टोचायचं. त्याला रजा लागत नाही, पण परिणाम तीन-चार महिनेच राहतो. ओठ किंचित जड वाटतील, एवढेच.

"तेच द्या," शालन म्हणाली. "दसरा तोंडावर आलाय. लाल तोंड घेऊन गेले तर मालक कायमचंच आत बसवतील. आणि मॅडम, अर्धवट नको. एकदम सपाट करा."

केतकीने एकदम सपाट केले. नेहमीच्या मात्रेहून थोडे अधिकच औषध तिने दिले.

दसऱ्याला शालन समोरच्या गादीवर होती. मालकांनी सर्वांदेखत तिचे कौतुक केले. परंतु दिवाळीच्या आत ती पुन्हा दवाखान्यात आली, तेव्हा गुरू परतले होते. तिचा ओठ गुळगुळीत झाला होता. बोलताना मात्र तो जागचा हलत नव्हता. शब्द ओठांच्या फटीतून निसटत होते.

"पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र," ती कष्टाने म्हणाली, "सगळ्या दागिन्यांची नावंच अडतात. पण ते जाऊ द्या. माझ्या आईला मी काय बोलते ते कळेनासं झालंय."

गुरूंनी तिच्याकडून आईची सगळी हकीकत विचारून घेतली आणि तिला पाणी दिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून थोडे ओघळले. मग त्यांनी केतकीला बोलावले. खोलीतला लेझरचा धूर खेचणारा मोठा पंखा पूर्ण वेगाने सुरू केला, केतकीच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि वर तिचेच तळवे दाबून धरायला लावले. मग शालनकडे वळून ते काहीतरी म्हणाले. शालन केतकीकडे पाहून बोलू लागली.

केतकीला हा प्रकार समजेना. रुग्णासमोर आपली थट्टा चालली आहे असे वाटून तिचे कान तापले. तरी ती निरखून पाहत राहिली. शालनचे तोंड थोडे उघडत होते, थोडे कमी उघडत होते, एवढेच. थोड्या वेळाने गुरूंनी पंखा बंद केला.

"त्या काय म्हणाल्या?"

"मला काहीच कळलं नाही, सर. पुन्हा पुन्हा एकच अक्षर म्हणतायत असं वाटलं."

"मी विचारलं," शालन म्हणाली, "भात वाढू का? पेज पिणार का? पाय दाबू का?"

गुरू केतकीसमोर बसले. त्यांचा स्वर शांत होता आणि म्हणूनच तिला तो अधिक लागला.

"यांच्या मातोश्रींना तरुणपणी तापात बहिरेपण आलं. अक्षरओळख नाही. गेली कित्येक वर्षं त्या फक्त या मुलीच्या ओठांवरून जग समजून घेतायत. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं. बहिऱ्या माणसाला तीच सर्वांत स्पष्ट दिसतात, कारण त्यांच्यासाठी ओठ मिटावे लागतात. आईला दिसावं म्हणून या बाईंनी लहानपणापासून प्रत्येक शब्द ओठांनी कोरून काढला. त्या कोरण्याच्या रेषा होत्या, केतकी. तू त्यांना वय समजलीस. त्यांची इच्छा चुकीची नव्हती. लेझरनं रेषा गेल्या असत्या आणि ओठ हलते राहिले असते. रेषा कशानं पडल्या एवढं विचारलं असतंस, तर योग्य उपाय आपोआप सुचला असता."

केतकीने कसेबसे विचारले, "यावर उतारा?"

"नाही. औषध ओसरेपर्यंत थांबायचं."

"थांबते की," शालन म्हणाली. "तीन महिने काय, असे जातील."

पण द्वारकाबाईंना, म्हणजे शालनच्या आईला, तेवढा अवधी मिळाला नाही. थंडी सुरू होताच त्यांच्या हृदयाचे दुखणे बळावले आणि त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. केतकी भेटायला गेली. उशाशी बसून शालन आईच्या तोंडापुढे तोंड नेऊन काहीतरी सांगत होती, बोटाने आपला ओठ वर ढकलून शब्दाला आकार देऊ पाहत होती. म्हातारीने तिचा हात बाजूला केला.

"इतके दिवस झाले, धड बोलत नाहीस," ती क्षीण आवाजात म्हणाली. "तोंड नुसतं गच्च धरून बसतेस. रागावलीस का गं माझ्यावर? कंटाळलीस माझं करून?"

शालन जोरजोरात मान हलवत होती. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण म्हातारी विश्वास ठेवायची तो फक्त ओठांवर, आणि ते तसेच सपाट, निर्विकार.

केतकीला राहवले नाही. ती पुढे झाली आणि सावकाश म्हणाली, "आजी, त्या रागावल्या नाहीत. चूक माझी आहे."

द्वारकाबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिले. परक्या माणसाचे ओठ त्यांना कधीच वाचता येत नसत. त्या सौजन्याने हसल्या. "बसा हं बाई," म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे वळवून पडून राहिल्या.

त्या आठवड्यातच त्या गेल्या. मुलीच्या मनात राग नव्हता हे त्यांना शेवटपर्यंत समजले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शालन पुन्हा दवाखान्यात आली. औषध केव्हाच ओसरले होते. शब्द स्वच्छ उमटत होते. ओठावरच्या रेषाही परत दिसू लागल्या होत्या.

"मालकांनी पाठवलंय," ती म्हणाली. "लग्नसराई आलीय. मागच्यासारखंच करून घ्या म्हणाले."

केतकीने घाईघाईने लेझरचा विषय काढला. कमी मात्रेचा काढला. शालनने तिला बोलू दिले आणि मग म्हणाली, "मागच्यासारखंच द्या, मॅडम. आता काय बिघडणार आहे? घरी गेल्यावर माझ्या तोंडाकडे बघणारं कोण उरलंय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केतकीला सोपे गेले असते.

संध्याकाळी गुरूंनी विचारले, "दिलंस?"

"दिलं, सर. त्यांना समजावून मात्रा तेवढी कमी ठेवली."

"आणि पुरेसं बोललीस त्यांच्याशी?"

"हो. आईंबद्दल विचारलं, घराबद्दल विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. पण आज त्या विचारण्याचा त्यांना काहीच उपयोग नव्हता."

गुरूंनी मान डोलावली. तिचे सांत्वन करण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही.