बयजीचा चिंध्यांचा बैल

फार फार वर्षांपूर्वी, आज गावात जे सगळ्यांत म्हातारे आहेत त्यांच्या पणज्यालाही दात आले नव्हते तेव्हा, सावळधरा गावात बयजी नावाची एक बाई राहत होती. गावात म्हणजे वेशीच्या बाहेर, मजुरांच्या वस्तीत. ती गोधड्या शिवायची. तिचा टाका मुंगीच्या पावलाएवढा असायचा, असं म्हणतात. गावच्या मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, अख्खं घर तिच्या गोधड्यांखाली झोपायचं, पण त्या घराचा उंबरा तिला कधी ओलांडता आला नाही. अंगणाच्या कडेला, गोठ्यापाशी, जमिनीवर बसून शिवायचं आणि तिथूनच परत जायचं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला राग का येतो हे कोणी विचारायला नको.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोळा खऱ्या बैलांचा, तान्हा पोळा लेकरांचा. पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, तोरणाखाली रांगेने उभे करतात, आणि मग घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ. त्या काळी हे तोरण मालगुजाराच्या फाटकासमोर बांधत. वस्तीतल्या पोरांकडे लाकडी बैल नव्हते, कारण त्यांच्यासाठी रंधा चालवायचा नाही असा मालगुजाराचा सुताराला हुकूम होता. जंगलातलं सागवान तोडायचे त्या पोरांचे बाप, खांद्यावर वाहून आणायचेही तेच. त्यातला वीतभर तुकडा त्यांच्या लेकरांना मिळत नव्हता, आणि यात काही चुकतंय असं गावात कोणाला वाटत नव्हतं.

एका वर्षी वस्तीतल्या गोदी नावाच्या चिमुरडीने काळ्या मातीचा बैल केला, उन्हात वाळवला आणि डोक्यावर घेऊन तोरणापाशी आली. वाटेत त्याचा एक पाय निखळला होता. तिने तो रांगेच्या शेवटी ठेवला, तर तो कलंडला. मालगुजाराच्या दिवाणजीने तो जोड्याच्या टोकाने बाजूला सारला आणि त्याचा चुरा झाला. मालगुजार खुर्चीवर बसला होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "चार पायांवर उभा राहील तो बैल. तसा आणा, मग रांगेत या." त्यावर सगळं गाव हसलं. चांगली म्हणवणारी माणसंसुद्धा हसली. तेव्हापासून गोदी बैलाच्या घुंगरांचा आवाज ऐकला की घरातल्या कापसाच्या ढिगात लपायची. आई हाका मारून थकायची, पण पोर बाहेर येत नसे.

बयजी गोठ्यापाशी शिवत बसली होती, तिने हे सगळं पाहिलं होतं. वस्तीतली पोरं तिला आत्या म्हणायची. ती गोदीजवळ गेली आणि म्हणाली, "पोरी, पुढच्या पोयाले तुहा बैल उभा राहीन. मी शिवून देतो."

बोलायला बोलून गेली, पण कापडाचा बैल उभा करणं म्हणजे काय चेष्टा आहे? तिने दोन बाजू कापल्या आणि एकमेकींना जोडल्या, तर तो भाकरीसारखा चपटा झाला. चार पाय वेगळे शिवून लावले, तर ते चार दिशांना फाकले. कापूस ठासून भरला, तर गुडघे मुडपायचे. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, बयजे, गोधडी निजायसाठी असते, उभी राहायसाठी नाही. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा उसवायला बसायची.

गावातली माणसं बैलाला बाजूने बघतात, किंवा वरून. बयजीला त्या अंगणात जमिनीवर बसवत, म्हणून तिला बैल खालून दिसायचा. एक दिवस सुई ओवता ओवता तिच्या लक्षात आलं, की बैलाला दोनच बाजू नसतात, खाली पोटही असतं, आणि पाय त्या पोटालाही धरून असतात. मग तिने पोटाची वेगळी पट्टी कापली, चारी पायांच्या आतल्या बाजूंसकट. शिवण उलट्या अंगाने घातली, पोटाला बोटभर भोक ठेवलं आणि तुराटीच्या काडीने एकेक पाय हळूच सुलटा केला. जरा जास्त रेटलं की खूर फाटायचा. फाटला की ती पुन्हा शिवायची. धडात आणि वशिंडात तिने कापूस भरला, पण पायांत मात्र गच्च सरकी भरली, कापसाचं बी, म्हणजे वजन खाली राहील. कापड होतं गोधड्यांतून उरलेल्या चिंध्यांचं, जे मालगुजाराच्या घरून केरासोबत बाहेर फेकलं जायचं.

तान्ह्या पोळ्याला गोदी तो बैल कडेवर घेऊन आली आणि तिने तो थेट तोरणाखाली ठेवला. बैल उभा राहिला. वारा आला, तरी उभाच.

आता तरी त्या मालगुजाराने गप्प बसावं की नाही? पण त्याने चिंध्या ओळखल्या. हे आमच्या घरातलं लुगडं, हा आमचा फेटा, असं म्हणत त्याने बयजीला चोर ठरवलं. केरात टाकलेली चिंधी चार पायांवर उभी राहिली, तेव्हा ती ह्याची झाली. ऐका नीट. मला हे सांगताना आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

बयजी पुढे आली. म्हणतात, त्या घरासमोर तिने मान वर केली ती त्याच दिवशी पहिल्यांदा. "चिंध्या तुमच्याच होत्या मालक," ती म्हणाली. "उसवून घ्या अन् न्या. पन तुमीच म्हनलं होतं, उभा राहीन तो बैल. पाहून घ्या, उभा हाये."

मालगुजाराने दिवाणजीला बैल उचलून फेकायला सांगितलं. दिवाणजी वाकला, तर बैल हलेना. दोन गडी आले, चार आले, तरी हलेना. मग मालगुजाराने आपली खिल्लारी जोडी आणवली आणि दोर बांधून ओढायला लावली. त्या जोडीने चिंध्यांच्या बैलाकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही बैल मटकन खाली बसले, असं म्हणतात. गोदी तिथून हलली नाही. वस्तीतली बाकीची पोरं एकेक करून तिच्या मागे येऊन उभी राहिली. वाट तोरणाखालूनच होती, त्यामुळे गावातल्या सगळ्या लाकडी बैलांना त्यांच्या मागे थांबावं लागलं. तेव्हा सुताराच्या बायकोने पुढे होऊन गोदीच्या ओटीत मुरमुरे आणि गूळ घातला. बरं केलं तिने. पण आदल्या वर्षी तिचे हात कुठे होते, हे मी विचारणारच.

काहीजण सांगतात, की मालगुजाराला पश्चात्ताप झाला आणि त्याने सगळ्या पोरांना जेवायला बसवलं. असंही म्हणतात. म्हणू द्या त्यांना. माझ्या आजीने मला जे सांगितलं ते असं, की तो पाय आपटत घरात गेला आणि फाटक लावून घेतलं. पुढे पावसाची झड लागली. बैल तिथेच उभा भिजला, पायांतली सरकी रुजली, खुरांतून मुळं जमिनीत गेली आणि शिवणींतून पराटीचे, म्हणजे कपाशीचे, कोंब वर आले. दसऱ्यापर्यंत फाटकासमोर कंबरेएवढी पराटी उभी होती. ती कापायला गावात कोणी विळा दिला नाही. मालगुजार उरलेलं आयुष्य मागच्या दाराने ये-जा करत राहिला. आणि त्या हिवाळ्यात त्याच्या घरातल्या प्रत्येक गोधडीचा बयजीने घातलेला टाका न् टाका आपोआप सुटला. बयजीला बोलावणं आलं, पण ती गेली नाही.

आजही सावळधऱ्यात तान्ह्या पोळ्याला सगळ्यांत पुढे चिंध्यांचा बैल असतो. तो दर वर्षी नव्याने शिवतात, घरटी एक चिंधी घेऊन. पहिली चिंधी मालगुजाराच्या वंशजांनी द्यायची. ती मागायला कोणी जात नाही, त्यांनी स्वतः वस्तीत आणून द्यायची आणि तिथेच जमिनीवर बसायचं, बैल शिवून होईपर्यंत. पायांत सरकी भरतं ते वस्तीतलं सगळ्यांत लहान लेकरू. मग बैल तोरणाखाली ठेवतात. गाव विचारतं, "बैल उभा आहे का?" लाकडी बैल घेतलेली पोरं मागे थांबून राहतात. ते लहान लेकरू खाली वाकून पोटाखालून नीट बघतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतं, "उभा हाये." त्यानंतरच रांग पुढे सरकते.